वैद्यकीय संशोधन आणि यंत्रबुद्धीची परीक्षा

औषध दिलें आणि रोगी बरा झाला, एवढ्यावरून औषधाचा गुण सिद्ध होत नाहीं. तो औषधावांचूनही बरा झाला असता काय, हें पाहावें लागतें. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळानें १९४८ सालीं प्रसिद्ध केलेली स्ट्रेप्टोमायसिनची परीक्षा याच न्यायानें झाली होती. क्षयाच्या १०७ रोग्यांची विभागणी योगायोगावर सोंपविली. ५५ जणांना औषध व विश्रांति, ५२ जणांना नुसती विश्रांति. सहा महिन्यांत पहिल्या गटांतील ४ व दुसऱ्यांतील १४ रोगी दगावले. क्ष-किरणचित्रें पाहणाऱ्या तज्ज्ञांना कोणतें चित्र कोणत्या गटांतील, हें कळूं दिलें नव्हतें.

श्रोतेहो, चित्रें वाचण्याचें हें काम आतां संगणकाच्या कृत्रिम बुद्धीकडे येत आहे. तिला रोगाचीं लक्षणें सांगावीं लागत नाहींत. हजारों चित्रें दाखविलीं कीं त्यांतील भेद ती आपण होऊन हेरते. मात्र नेमका कोणता भेद हेरला, हें सहसा कळत नाहीं. येथेंच धोका आहे. छातीच्या चित्रांवरून कोविड ओळखणाऱ्या अशा साधनांवरील ६२ निबंध केंब्रिज विद्यापीठाच्या व इतर संशोधकांनीं २०२१ सालीं तपासले. त्यांतील एकही साधन रुग्णसेवेस उपयुक्त ठरलें नाहीं. कांहीं निबंधांत कोविडचीं चित्रें प्रौढांचीं, तर तुलनेचीं न्यूमोनियाचीं चित्रें एक ते पांच वर्षांच्या मुलांचीं होतीं! अशा शिकवणींत यंत्र रोगाऐवजीं वयच ओळखावयास शिकलें, तर नवल काय?

मग तें टाकून द्यावें काय? मुळींच नाहीं. औषधाची कसोटी त्यालाही लावावी. स्वीडनमध्यें २०२१ सालीं स्तनांच्या कर्करोगाच्या तपासणींत ८०,०३३ स्त्रियांची तशीच विभागणी सुरू झाली. एका गटाचीं चित्रें रिवाजाप्रमाणें दोन डॉक्टरांनीं वाचलीं. दुसऱ्या गटांत यंत्रानें धोका अजमावून, अधिक धोक्याचीं चित्रें दोघांकडे व बाकीचीं एकाकडे दिलीं. २०२३ सालच्या अहवालाप्रमाणें यंत्राच्या गटांत २४४ व दुसऱ्यांत २०३ कर्करोग आढळले. वाचनाचें काम ४४ टक्क्यांनीं घटलें आणि खोट्या इशाऱ्यांचें प्रमाण वाढलें नाहीं.

तेव्हां अमुक यंत्र अचूक आहे, असें वाचनांत आलें, म्हणजे दोन प्रश्न विचारावे: तें कोणाच्या चित्रांवर शिकलें, आणि त्याची परीक्षा कोणाशीं तुलना करून झाली? या उत्तरांवर रोग्याचा जीव अवलंबून असतो.