केळवणाच्या केकवर लिहू काय?

शुक्रवारी रात्री पुण्याहून ट्रॅव्हल्स पकडायची, पहाटे अंबाजोगाईत उतरायचं, दुपारी मैत्रिणीचं केळवण आणि रविवारी रात्री परत! लग्नसराईत हा बेत तुमच्यापैकीही अनेकांचा असणार. केळवण आता फक्त काकू-मावशांचं राहिलेलं नाही. ताटाभोवती रांगोळी, औक्षण, पुरणपोळी सगळं तेच. पण मैत्रिणी जमल्या की केक हवाच. मग त्याला ब्रायडल शॉवर म्हणा नाहीतर केळवण. घोडं अडतं एकाच ठिकाणी. बेकरीवाला क्रीमचा कोन हातात घेऊन विचारतो, "ताई, लिहायचं काय?"

आमच्या ग्रुपमध्ये यावर दोन दिवस खल चालला. 'गेम ओव्हर', 'स्वातंत्र्याचा शेवटचा दिवस', 'अखेर खपली एकदाची'... स्मायलींचा पाऊस पडला. मग एकीनं हळूच टाकलं, "खपली नको गं. तिची आई वाचेल."

पटलं. हा जिल्हा ऊसतोड कामगारांचा. कामावर जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला इथं 'कोयता' म्हणतात आणि मुकादमाकडून उचल मिळते ती कोयत्यामागे. दिवाळीच्या आसपास कारखान्यांकडे निघण्याआधी पोरींची लग्नं उरकली जातात, त्यामागे हेही एक कारण. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या दर १०० तरुणींमागे ४० हून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. आमची मैत्रीण सत्तावीसची, नोकरी करणारी, मुलगा तिनं स्वतः निवडलेला. तिच्या केकवर 'खपली'? पुण्यातल्या कॅफेत चालून जातं हो. इथं नाही.

दुसरी आयडिया लोकल होती. अंबाजोगाईची योगेश्वरी परळीच्या वैजनाथाशी लग्न करायला आली, मुहूर्त टळला आणि ती इथंच कुमारिका राहिली, अशी कथा गावात सांगतात. म्हणून 'मुहूर्त गाठ गं बाई!' मला तर जाम आवडलं होतं. पण आजींनी डोळे वटारले. लग्नघरात आजींचा व्हेटो चालतो.

उखाणा? पूर्ण मावतच नाही. अर्ध्या किलोच्या केकवर मराठी दहा-बारा अक्षरं कशीबशी बसतात. 'शुभेच्छा'तला 'च्छ' म्हणजे तर क्रीमचा गोळाच! मजकूर फोनवर सांगू नका, मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून द्या, नाहीतर वेलांट्या हमखास बदलतात. पांढऱ्या क्रीमवर लाल जेल नको, तासाभरात रंग पसरतो. आणि मे महिन्यात मराठवाड्यात केक आणाल, तर फोटोसेशन नंतर, कापणं आधी.

तसंही उखाण्यात नाव त्याचंच येतं. लग्नानंतर काही घरांत ताटात तांदूळ पसरून अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहितात. नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही, तरी बदललं जातं. आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव लागतं. पण त्या आईचं स्वतःचं माहेरचं नाव? म्हणून मला वाटतं, केळवणाचा केक तिचाच असू द्यावा. त्यावर 'ब्राइड टू बी' नको, होणाऱ्या नवऱ्याचं नाव तर नकोच नको.

शेवटी बेकरीवाल्याच्या हातात चिठ्ठी दिली : 'आमची झिपरी'. शाळेतलं टोपणनाव. तो दोनदा वाचून म्हणाला, "नक्की हेच ना ताई?"

हेच. वाचून ती इतकी हसली, की काजळ पुसायला आत पळाली. मग केक कापायला घेतला, तर नावावर सुरी फिरवायला कुणीच तयार होईना. कडेकडेनं कापत कापत मध्ये फक्त 'झिपरी' उरली. तो तुकडा तिनं उचलून आईच्या ताटात ठेवला.