ऐकू न येणारे सांधे

चित्रपट संपल्यावर लोक कॅमेऱ्याचं कौतुक करतात, गाणी गुणगुणतात, क्वचित पार्श्वसंगीताबद्दलही बोलतात. ‘संवाद काय सुरेख जोडलेत!’ असं मात्र कुणी म्हणत नाही. म्हटलंच, तर संवादांच्या एडिटरला ती शाबासकी वाटणार नाही. सांधा कानाला लागला, म्हणजे काम फसलं.

साउंड एडिटिंग बहुधा एकट्याचं काम नसतं. दाराची करकर, गाडीचा ब्रेक असे इफेक्ट एक जण बसवतो. रस्ता, पाऊस, बाजार यांचं वातावरण दुसरा उभं करतो. पावलं, कपड्यांची सळसळ, भांड्यांचे आवाज पडद्याकडे बघत स्टुडिओत नव्याने काढणारे फोली कलाकार वेगळे. हे नाव युनिव्हर्सल स्टुडिओतल्या जॅक फोलीवरून पडलं. या सगळ्यांत संवादांचा एडिटर सर्वांत कमी दिसतो. त्याचा ट्रॅक नीट नसेल, तर बाकीच्यांची मेहनतही वाया जाते.

आपल्याकडे सेटवरचे संवाद सांधण्याचं हे काम मध्यंतरी बरंचसं बाजूला पडलं होतं. १९३१ च्या ‘आलम आरा’मध्ये आवाज चित्रीकरणाच्या वेळीच घेतला होता. पुढे कॅमेरे हलके झाले, शूटिंग स्टुडिओबाहेर गेलं. पण हे कॅमेरे घरघरायचे आणि भोवती गर्दी असायची. मग सेटवरचा आवाज फक्त आधारापुरता घ्यायचा आणि संवाद नंतर डब करायचे, ही रीत हिंदी चित्रपटांत पक्की झाली. २००१ मध्ये ‘लगान’ने कच्छमध्ये, उघड्यावर, मोठ्या जमावासह सिंक साउंड, म्हणजे चित्रीकरणाच्या वेळीच घेतलेला आवाज, वापरला. बड्या हिंदी चित्रपटालाही हे जमतं, हे दिसलं. सेटवरचाच आवाज पडद्यापर्यंत जाऊ लागला, तशी तो सांधणाऱ्याची गरज पुन्हा वाढली.

समजा, भर दुपारी चाळीतल्या खोलीत शूटिंग झालंय. नटी म्हणते, ‘मला आता काही सांगायचं नाहीये.’ दिग्दर्शकाने निवडलेल्या टेकमध्ये नेमका ‘काही’वर खालून रिक्षाचा हॉर्न वाजलाय. एडिटरकडे तिच्या लेपल माइकचा एक ट्रॅक आहे, दांडीवर धरलेल्या बूम माइकचा दुसरा, हॉर्न दोन्हींत. तो उरलेले टेक काढतो, बाद ठरलेलेही, आणि त्याच वेगाने, त्याच सुरात उच्चारलेला ‘काही’ शोधतो. आता कापायचं कुठे? ‘क’ उच्चारण्याआधी जिभेचा मागचा भाग टाळूला टेकतो आणि आवाज क्षणभर अडतो. पहिला काप तिथे. दुसरा ‘सां’मधल्या ‘स’च्या सुरुवातीला. स्वराच्या मध्यावर कापलं, तर सूर मोडण्याची भीती. ज्याला भाषा येत नाही, त्याला हा शब्द कदाचित जोडता येईल, पण रुसव्यातला ‘काही’ आणि वैतागातला ‘काही’ यांतला फरक कळणं कठीण.

शब्द बसला, तरी खोली बसत नाही. ज्या टेकमधून शब्द आणला, त्या वेळी शेजारच्या नळाला पाणी आलं होतं. सांध्यावर ती धार अचानक सुरू होते आणि अचानक बंद पडते. यासाठी जाणता साउंड रेकॉर्डिस्ट प्रसंग संपला की सगळ्या युनिटला अर्धा-एक मिनिट गप्प उभं करून खोलीचा नुसता आवाज घेतो. याला रूम टोन म्हणतात. घाईत असलेल्या प्रॉडक्शनला हा वेळ फुकट वाटतो, पण एडिटरचा सांधा रूम टोनखालीच लपतो. तो मिळाला नाही, तर संवादांमधल्या फटींतून वेचून तयार करावा लागतो. तिथे कोरी शांतता भरून चालत नाही. आवाजात भोक पडल्यासारखं वाटतं.

कापाचं मापही बारीक. सेकंदाला २४ फ्रेमच्या चित्रपटात एक फ्रेम साधारण ४२ मिलिसेकंदांची. मॅग्नेटिक फिल्मच्या काळात एका फ्रेमला चार छिद्रं असत, त्यामुळे पाव फ्रेमपर्यंत सरकवता येई. आज ४८ किलोहर्ट्झला त्याच फ्रेममध्ये आवाजाचे २,००० नमुने असतात. आवाज चित्राच्या जरा मागे राहिला तर आपण चालवून घेतो; पुढे गेला की लगेच खटकतं. निसर्गातही वीज आधी दिसते, गडगडाट मागाहून येतो.

याच्या जोडीला शिस्त हवी. चित्रपट दुसऱ्या भाषेत डब झाला की मूळ संवाद काढून टाकतात, आणि त्यांच्यासोबत टेबलावर ठेवलेल्या कपाचा आवाजही जातो. म्हणून असे आवाज आधीच वेगळ्या ट्रॅकवर काढून ठेवायचे. ट्रॅकना नीट नावं द्यायची, प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना जास्तीचा आवाज राखायचा, म्हणजे मिक्सिंग करणाऱ्याला फेड, म्हणजे आवाजाचा हळूहळू होणारा चढ-उतार, लांबवता येतो.

सॉफ्टवेअर काही महिन्यांत शिकता येतं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी रीतसर शिक्षणही मिळतं. कान आणि विवेक मात्र कामावरच तयार होतात. खरखर काढणारी साधनं आता इतकी सोपी झालीत की मोह आवरत नाही. फार घासलं की गळा पत्र्यासारखा वाजतो. श्वास कापले की नटी बोलते, पण तिला धाप लागलेली कळत नाही. डबिंगमध्ये आवाज स्वच्छ मिळेल, सेटवरचा कंप परत मिळेलच असं नाही. हा सौदा दिग्दर्शकापुढे वेळेवर आणि स्पष्ट मांडणं, हेही एडिटरचंच काम. नवा माणूस पारखायचा असेल, तर त्याने काय काय साफ केलं हे विचारून फारसं कळत नाही. काय मुद्दाम राहू दिलं आणि का, हे विचारावं.