अडीच टनी ‘एम-३५’चे टायर

अमेरिकी लष्करात १९५०च्या सुमारास दाखल झालेला आणि पुढे व्हिएतनाम युद्धातील रसद वाहतुकीचा मोठा भार उचललेला ‘एम-३५’ हा ट्रक, रस्ता नसलेल्या मुलखात ५,००० पौंड, म्हणजे अमेरिकी मापाने अडीच टन, माल नेण्याच्या नेमून दिलेल्या क्षमतेमुळे ‘अडीच टनी’ याच नावाने ओळखला जातो. रिओ, कायसर आणि एएम जनरल या कंपन्यांनी बांधलेले हे ट्रक सेवेतून काढल्यावर लिलावांतून शेतकरी, ग्रामीण अग्निशमन दले आणि जुनी वाहने जपणारे हौशी मालक यांच्या हाती गेले. त्यांपैकी ‘एम-३५ए२’ या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाराचे इंजिन डिझेल, केरोसीन आणि प्रसंगी पेट्रोलवरही चालते. हे इंजिन, चौकट आणि अक्ष योग्य निगेने अनेक दशके टिकतात, परंतु टायर टिकत नाहीत, आणि ते बदलण्याची वेळ आली की ट्रकची सगळी रचनाच नव्याने समजून घ्यावी लागते.

टिकाऊ टायर म्हणजे जाड नक्षीचा टायर, ही समजूत रोज धावणाऱ्या मालट्रकपुरती बरोबर आहे, कारण तेथे रबर झिजून टायर गोटा होतो. वर्षातून थोडेच अंतर चालणाऱ्या जुन्या लष्करी ट्रकचा टायर मात्र झिजण्याआधी म्हातारा होतो. हवेतील ओझोन ताणलेल्या रबराचे रेणू तोडतो आणि बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा पडतात. त्याला रोखण्यासाठी रबरात मेणासारखे संरक्षक घटक मिसळलेले असतात, पण टायर फिरताना लवतो तेव्हाच ते पृष्ठभागाकडे नीट सरकत राहतात, त्यामुळे एकाच जागी उभ्या असलेल्या वाहनाचे टायर चालत्या वाहनापेक्षा लवकर भेगाळू शकतात. म्हणून खरेदी करताना नक्षीच्या खोलीआधी निर्मितीची तारीख पाहिली पाहिजे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टायरच्या कडेवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणारा संकेत असतो आणि २००० सालापासून त्याचे शेवटचे चार अंक आठवडा व वर्ष सांगतात. ३६१२ म्हणजे २०१२ सालचा ३६वा आठवडा. शेवटी तीनच अंक असतील तर तो टायर त्याआधीचा आहे, आणि लष्करी साठ्यातून ‘न वापरलेला’ म्हणून स्वस्तात मिळत असला तरी तो घेऊ नये.

ए२ प्रकाराचा मूळ टायर ९.००-२० या मापाचा आहे, म्हणजे त्याची रुंदी सुमारे ९ इंच आणि रिमचा व्यास २० इंच. पूर्ण टायरची उंची ४० इंचांच्या आसपास भरते. हे माप भारतीय वाचकाला अनोळखी नाही, कारण ९.००-२० आणि १०.००-२० चे नायलॉन टायर, त्यांच्या आतली ट्यूब आणि ट्यूबला रिमच्या घासणीपासून वाचवणारी रबरी पट्टी, म्हणजे फ्लॅप, हा संच येथील ट्रक-बसच्या चाकांत अनेक दशके वापरला गेला आहे. मूळ लष्करी टायरच्या नक्षीत रुंद, आडवे ठोकळे असतात आणि ते दोन्ही दिशांना सारखीच पकड देतात, त्यामुळे एकच टायर डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे कोठेही बसतो. युद्धभूमीवरील साठ्याच्या दृष्टीने ही सोय अमूल्य होती. पण हीच नक्षी चिकट चिखलात लवकर भरून जाते, ओल्या डांबरावर कमी पकड देते आणि वेगात मोठा आवाज करते. ट्रक प्रदर्शनासाठी जपायचा असेल तर तिला पर्याय नाही. रस्त्यावर चालवायचा असेल तर त्याच मापातील आधुनिक नक्षी निःसंशय अधिक सुरक्षित आहे.

टायरच्या अंगातील धागे तिरपे, एकमेकांना छेदत बसवले की तो नायलॉन किंवा ‘बायस’ टायर होतो, आणि कडेपासून कडेपर्यंत सरळ आडवे बसवून वर पोलादी पट्टा दिला की रेडियल होतो. रेडियल कमी तापतो आणि जमिनीवर अधिक सपाट टेकतो, तर बायसची जाड भिंत खडकाळ जमिनीवर काप आणि ठोकर अधिक सोसते. मात्र नायलॉनचा धागा उभ्या वाहनाच्या भाराखाली चपटा आकार धरतो आणि निघाल्यावर काही अंतर चाक धक्के देत राहते. दोन्ही जाती एका अक्षावर मिसळू नयेत, आणि रेडियलला रेडियलसाठीच बनवलेली ट्यूब द्यावी. अधिक प्लायचा, म्हणजे अधिक भार पेलणारा, टायर घेण्याचा मोहही येथे तपासून पाहिला पाहिजे: रिकामा ट्रक सुमारे १३,००० पौंडांचा, म्हणजे ५,९०० किलोंचा आहे, हे वजन दहा टायरांवर विभागले जाते, आणि बहुतेक मालक त्यावर फारसा माल लादत नाहीत, तेव्हा अतिताठ टायर केवळ धक्के वाढवतो.

या ट्रकच्या मागच्या दोन अक्षांवर जोडचाके आहेत, आणि निवडीचा खरा कस येथे लागतो. जोडीतील एक टायर उंच असला की तो भाराचा मोठा वाटा उचलतो, तापतो आणि आधी फुटतो. रुंद टायर घातले तर जोडीतील फट कमी होऊन भिंती एकमेकींना घासतात. शिवाय या दोन अक्षांमध्ये वेगातील फरक सामावून घेणारे डिफरन्शियल नाही, म्हणून एका अक्षावरचे टायर दुसऱ्यापेक्षा लहान असतील तर फरकाचा ताण शाफ्ट आणि गिअरांवर साचत जातो. त्यामुळे मागचे आठही टायर एकाच मापाचे, एकाच बनावटीचे आणि शक्यतो एकाच वेळी घ्यावेत, ही खर्चिक शिफारस गैरवाजवी म्हणता येणार नाही.

खर्च टाळण्यासाठी अनेक मालक जोडचाके काढून प्रत्येक जागी एकच रुंद टायर बसवतात. त्याला लष्कराचाच आधार आहे: १९९०च्या दशकात पुनर्बांधणी केलेल्या ‘एम-३५ए३’ला १४.५आर२० मापाचे एकेरी रेडियल आणि चालत्या गाडीत हवा कमी-जास्त करण्याची यंत्रणा दिली होती. मऊ वाळूत आणि चिखलात हा बदल उपकारक ठरतो, कारण पुढच्या चाकाने पाडलेल्या चाकोरीतच मागचे चाक धावते. पण काहीजण त्याहून मोठे, ३९५/८५आर२० मापाचे टायर बसवतात, तेव्हा चाकाची उंची ४६ इंचांच्या पुढे जाते, सगळे गिअर जणू १५ टक्क्यांनी लांबतात, हवेच्या साह्याने चालणाऱ्या जुन्या ड्रम ब्रेकना जास्त जोर लावावा लागतो आणि शक्तीचे साह्य नसलेले स्टिअरिंग जड होते. टायर उत्तम असूनही ट्रकला तो न पेलणे, ही शक्यता येथे गंभीरपणे धरावी लागते.

टायर बदलण्याची क्रिया या वाहनात धोक्याची आहे. मूळ रिम अखंड नसून टायरची कड एका सुट्या पोलादी कड्याने, लॉक रिंगने, जागी धरली जाते. गंजलेली किंवा नीट न बसलेली रिंग हवा भरताना प्राणघातक वेगाने उडू शकते. अशा रिमवर काम करण्यासाठी अमेरिकेत १९८० मध्ये सुरक्षेचे नियम करण्यात आले: चाक पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरावी, नळी लांब असावी, माणूस रिंगेसमोर नसावा, आणि शिफारशीच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी हवेवर चाललेल्या टायरचा व्हॉल्व्ह काढून पूर्ण हवा सोडल्याशिवाय चाक अक्षावरून उतरवू नये. नवे टायर घेताना ट्यूब आणि फ्लॅप नवे घ्यावेतच, पण रिम आणि रिंग घासून, तडे तपासून, परस्परांना जुळणाऱ्या भागांचीच जोडी ठेवावी. डावीकडच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, याचा विसर पडला तर बोल्ट तुटतात.

अतिरिक्त चाकाला हेच निकष लागतात, मात्र ते सर्वाधिक काळ न फिरता उन्हापावसात राहत असल्यामुळे त्याचे रबर इतरांआधी जुने होते. म्हणून संपूर्ण संच बदलताना अकरावा टायरही त्याच मापाचा आणि त्याच काळातला घ्यावा, आणि वर्षातून एकदा अतिरिक्त चाक चालत्या चाकाच्या जागी बसवून, मोकळे झालेले चाक अतिरिक्त म्हणून ठेवावे.