एमएच-19 ची साधी गाडी: विंटेजही नाही, भंगारही नाही

सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. तुमच्या घरातली पहिली चारचाकी कोणती होती? आणि ती आज कुठे आहे?

(सभागृहातून उत्तरं येतात: फियाट, मारुती, कमांडर, मेटॅडोर.)

बघा, पहिल्या प्रश्नाला चार उत्तरं लगेच आली. दुसऱ्याला एकही नाही. आज आपण या दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलणार आहोत.

जुन्या गाड्यांची रॅली म्हटली की संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस आणि ब्यूक डोळ्यांसमोर येतात. त्या टिकल्या, कारण त्या मोजक्याच होत्या, महाग होत्या आणि त्या ठेवायला मालकांकडे जागा होती. साध्या गाडीचं नेमकं उलटं होतं. 1983 ते 2014 या काळात मारुती 800 भारतातच 25 लाखांहून अधिक विकली गेली. एवढ्या गाड्या असल्यावर एक भंगारात गेली तर कुणाला काय वाटणार? प्रत्येकाने असाच विचार केला आणि आता रस्त्यावर शोधूनही सापडत नाही. जी वस्तू सगळ्यांकडे असते, ती जपायची जबाबदारी कुणाचीच नसते.

आता आपल्या खान्देशाचं बोलू. धुळे म्हणजे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन महामार्गांचं नाकं. डॉक्टर, वकील, जिनिंगवाले यांच्या दारात फियाट असायची. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात ती बनायची. 1974 पासून तिचं नाव पद्मिनी झालं, पण लोक शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. सरकारी साहेबांकडे ॲम्बेसेडर. लग्नाचं वऱ्हाड मेटॅडोरमधून. आणि चोपडा, यावल, शिरपूर, धडगाव या सातपुड्याच्या पायथ्याच्या आणि डोंगरातल्या गावांना बाजाराच्या दिवशी आधार कुणाचा? काळीपिवळीचा. कमांडर नाहीतर ट्रॅक्स. आत किती माणसं बसायची ते विचारू नका. (हशा)

या गाड्यांची कुळं बघा. पद्मिनी मूळची इटलीची. ॲम्बेसेडर इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली. महिंद्राच्या जीपचा मूळ सांगाडा अमेरिकेच्या विलीजचा आणि पुढे तिच्यात आलेलं डिझेल इंजिन फ्रान्सच्या प्यूजोचं. ट्रॅक्सचं इंजिन जर्मनीच्या मर्सिडीजच्या आराखड्यावरचं. मारुती जपानची. एवढ्या देशांचं यंत्रज्ञान आपल्या धुळीत आणि उन्हात उतरलं. ते इथे चालतं ठेवलं ते आपल्या फिटर लोकांनी.

एक उदाहरण देतो. मे महिन्यात जळगावला पारा 45 च्या आसपास जातो. तेव्हा फियाट किंवा ॲम्बेसेडर चालता चालता खोकायची आणि बंद पडायची. कारण काय? त्या काळी पेट्रोल खेचणारा पंप इंजिनलाच बसवलेला असायचा. इंजिनच्या आणि उन्हाच्या तापाने नळीतच पेट्रोलची वाफ व्हायची. पंप पातळ पेट्रोल ढकलू शकतो, पण वाफ नुसती दाबली जाते आणि पुन्हा फुगते, पुढे सरकत नाही. कार्बोरेटर कोरडा पडतो. यावर उपाय होता ओलं फडकं! बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं टाकायचं, दहा मिनिटं निंबाच्या सावलीत थांबायचं, की गाडी पुन्हा सुरू. कितीतरी गाड्यांत पाण्याची बाटली आणि फडकं कायम असायचं. कंपनीच्या पुस्तकापेक्षा हे ज्ञान अनुभवातून आलेलं होतं.

दुसरं उदाहरण जास्त महत्त्वाचं. पेट्रोल परवडेना, म्हणून अनेकांनी फियाट आणि ॲम्बेसेडरचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवून घेतलं. कुणी गॅसचं किट लावलं. जीपचा मागचा भाग वाढवून बाक टाकले, पाट्यांत एखादं पान जास्त घातलं. संग्राहक माणूस अशी गाडी बघतो आणि म्हणतो, "ओरिजिनल नाही." आणि निघून जातो.

माझं म्हणणं आहे की इथेच आपण चुकतो. कारखान्यातून निघालेली गाडी म्हणजे इटलीचा किंवा इंग्लंडचा इतिहास. तिच्यात इथे झालेले बदल हा खान्देशचा इतिहास. डिझेल इंजिन घातलेली फियाट सांगते की त्या घराला महिन्याचा खर्च कसा जमवावा लागत होता. वाढवलेली जीप सांगते की एसटी कुठपर्यंत पोचत नव्हती.

आता कायद्याकडे येऊ. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी नियम केले. गाडी पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी हवी, खासगी वापराची हवी, मूळ रूपात हवी, इंजिनात किंवा सांगाड्यात मोठा बदल नको. नियम म्हणून यात वावगं काही नाही. पण आपल्याकडे काय होतं ते बघा. महाराष्ट्रात एमएच ही मालिका सुरू झाली 1989 मध्ये. म्हणजे एमएच-19 जळगाव किंवा एमएच-18 धुळे अशी पाटी घेऊनच जी गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली, ती 2039 च्या आधी विंटेज होऊच शकत नाही. काळीपिवळी तर धंद्याची गाडी, तिला तेव्हाही जागा नाही. डिझेल घातलेली फियाट मूळ रूपातली नाही, म्हणून तीही बाद.

आणि तोवर गाडी ठेवायची कशी? इथे एक गैरसमज दूर करतो. 15 वर्षं झाली की गाडी भंगारातच द्यावी लागते, असं अनेकांना वाटतं. दिल्ली परिसराच्या बातम्या ऐकून हा समज पसरला आहे. आपल्याकडे खासगी गाडीची तपासणी होते आणि पास झाली तर नोंदणी 5 वर्षांनी वाढते. मात्र एप्रिल 2022 पासून मोटारीचं हे शुल्क 600 रुपयांवरून 5,000 झालं, आणि 20 वर्षांवरच्या गाडीला पुढे आणखी वाढलं. वर पर्यावरण कर आणि विमा. ज्या गाडीचे भंगारवाला जेमतेम काही हजार देतो, तिच्यासाठी एवढा खर्च कोण करणार? त्यामुळे साधी गाडी मधल्या वर्षांतच संपते.

कुणी म्हणेल, संपू द्या की! धूर सोडतात, सुरक्षित नाहीत. खरं आहे. रोजच्या वापरात त्या राहाव्यात, असं मीही म्हणत नाही. मुंबईत पद्मिनी टॅक्सीचं वय संपलं आणि ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची टॅक्सी थांबली. ते नियमाप्रमाणेच झालं. पण तिला निरोप द्यायला लोक जमले, फोटो निघाले, लेख आले. आपली काळीपिवळी कधी थांबली, याची कुठे नोंद आहे का? इंग्लंडमध्ये 2014 पासून अगदी सामान्य गाड्यांचाच एक मेळा भरतो. तिथे लोक पांढऱ्या, साध्या, कुणी वळून न बघणाऱ्या गाड्या अभिमानाने आणतात. आपल्याला हे अवघड नाही. उलट आपली हवा कोरडी आहे. मुंबई-कोकणात गाडीचा पत्रा गंजून तळ गळतो, तसं इथे लवकर होत नाही. अजूनही एखाद्या मळ्यात, कडब्याच्या गंजीआड, एखादी फियाट उभी असेल.

मग करायचं काय? तीन गोष्टी सांगतो. पहिली: गाडी गेली असली तरी आरसी बुक, गॅरेजची बिलं, लग्नातले फोटो फेकू नका. दुसरी: तुमच्या गावातल्या सत्तरीच्या फिटरकडे जा, मोबाइल चालू करा आणि विचारा, "दादा, डिझेल इंजिन बसवताना फाउंडेशन कसं करायचे?" तो दोन तास बोलेल. आणि ही माणसं 2039 पर्यंत थांबणार नाहीत. तिसरी: गाडी विकायची असेल तर भंगारात देण्याआधी एकदा जवळच्या आयटीआय किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाला विचारा. कार्बोरेटर, चोक, पाटे हे सगळं पोरांना हाताने उघडून बघता येतं. मात्र कागदपत्रांचं रीतसर करा, नाहीतर चलान तुमच्या नावाने येत राहतील. (हशा)

रोल्स-रॉइस सांभाळायला पैसेवाले आहेत. आपल्या दारातली गाडी आपणच सांभाळायची, निदान तिची गोष्ट तरी. घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांना एवढंच विचारा: आपल्या पहिल्या गाडीचा नंबर काय होता? त्यांना पाठ असेल. तो लिहून ठेवा.