नवी बॅटरी आणि चार्जिंगच्या तक्रारी : निदान कसे करावे?

पिकाची पाने पिवळी पडू लागली की पहिला संशय किडीवर जातो. फवारणी उरकली जाते, पिवळेपणा मात्र कायम राहतो. कारण मूळ दोष कधी मुळाशी साचलेल्या पाण्यात, तर कधी लोहाच्या कमतरतेत असतो. लॅपटॉपची बॅटरी बदलल्यानंतर उद्भवणाऱ्या तक्रारींच्या बाबतीतही असेच घडते. जी वस्तू नुकतीच बदलली तिच्यावरच सारा ठपका ठेवला जातो आणि एकामागून एक सुटे भाग बदलले जातात. विस्तार कार्यकर्त्यांची सर्वेक्षणे, प्रक्षेत्रावरील छायाचित्रे, कीड-निरीक्षणाच्या नोंदी आज याच यंत्रात साठविलेल्या असतात. त्यामुळे चुकीच्या निदानाची किंमत दुरुस्तीच्या खर्चापेक्षा पुष्कळ अधिक असू शकते.

या विषयाचे निमित्त तंजावूरच्या राजवाडा परिसरातील आहे. मराठी वाचकास हा परिसर सरस्वती महाल ग्रंथालयामुळे परिचित असतो. हळदीच्या साठवणीत शिरणारा सिगारेट बीटल हाच भुंगेरा जुन्या ग्रंथांच्या बांधणीतही आढळतो. त्या अनुषंगाने मे महिन्यात आमचा तेथे मुक्काम होता. सहकाऱ्याच्या लॅपटॉपची बॅटरी निघण्यापूर्वी आठवडाभर आधी आमच्याच शहरात बदलून घेतलेली होती. तंजावूरला पोहोचल्यावर दोन तक्रारी दिसल्या. दुपारी पडद्यावर ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ असा संदेश येई. आणि सायंकाळी विनाचार्जर काम करताना ३० टक्के शिल्लक दिसत असतानाच यंत्र एकाएकी बंद पडे. विक्रेत्याने दूरध्वनीवर निर्वाळा दिला की, बॅटरी नवी आहे, तेव्हा मदरबोर्डच बदलावा लागेल. चार दिवसांची सूक्ष्मदर्शकीय छायाचित्रे त्या एकाच यंत्रात होती. ती प्रथम पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली व मगच तपासणीस आरंभ केला. हा क्रम कोणीही मोडू नये.

त्यानंतर कीटकशास्त्रज्ञ जे करतो तेच केले. वेळेनुसार नोंदी ठेवल्या. दर तासाला वेळ, टक्केवारी, चार्जिंग चालू की बंद, यंत्राचा तळ हाताला किती गरम लागतो, एवढेच टिपले. दोन दिवसांत चित्र स्पष्ट झाले. सकाळी चार्जिंग निर्वेध होई, दुपारी थांबे, रात्री पुन्हा सुरू होई. मदरबोर्डमध्ये दोष असता तर त्याने घड्याळ पाहिले नसते.

लिथियम-आयन सेल सर्वसाधारणपणे ० ते ४५ अंश सेल्सिअस या मर्यादेतच चार्ज करावयाचा असतो. वीज पुरविण्याचे काम मात्र तो सुमारे ६० अंशांपर्यंत करू शकतो. बॅटरीच्या आत बसविलेला तापमान-संवेदक ही मर्यादा ओलांडली गेल्याची सूचना देतो आणि चार्जिंग थांबविले जाते. म्हणूनच यंत्र चालते, पण चार्ज होत नाही. तंजावूरचा मे महिना, वातानुकूलन नसलेली खोली आणि गादीवर ठेवल्यामुळे झाकली गेलेली हवेची छिद्रे, एवढी कारणे पुरेशी होती. यंत्र लाकडी फळीवर, पंख्याखाली ठेवले. दुपारचे चार्जिंग यंत्र बंद ठेवून करावयाचे ठरले. पहिली तक्रार तेथेच संपली. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळी दौऱ्यावर वाहनात लॅपटॉप ठेवणाऱ्यांनी हे विशेषेकरून ध्यानी घ्यावे.

दुसऱ्या तक्रारीचे कारण अगदी निराळे होते. बॅटरीतील उर्वरित वीज टाकीतील पाण्याप्रमाणे प्रत्यक्ष मोजता येत नाही. बॅटरीतील एक लहानशी मापक चिप आत-बाहेर जाणाऱ्या विद्युत्प्रवाहाचा हिशेब ठेवते व सेलच्या व्होल्टेजशी तो ताडून अंदाज वर्तविते. नव्या बॅटरीत हा हिशेब अद्याप अनुभवाने दुरुस्त झालेला नसतो. त्यामुळे दाखविलेले ३० टक्के वस्तुतः जवळजवळ शून्य असू शकतात. उपाय साधा आहे. बॅटरी १०० टक्के भरावी, दोन तास तशीच राहू द्यावी, नंतर ५ टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत वापरावी व सलग पूर्ण भरावी. असे एक-दोन वेळा केल्यावर आकडा विश्वसनीय होतो. हा विधी वारंवार करू नये. पूर्ण रिती व पूर्ण भरण्याने सेलचे आयुष्य घटतेच.

व्होल्टाने विद्युत्घटाची घोषणा १८०० साली केली, तेव्हा तंजावूरच्या गादीवर दुसरे सरफोजी राजे (१७९८–१८३२) येऊन दोनच वर्षे झाली होती. १८२६ मध्ये त्यांना भेटलेल्या बिशप हेबर यांनी हा राजा लाव्हाझिए व लिनिअस यांचे दाखले सहज देतो असे नमूद केले आहे. अशा राजाच्या राजवाड्याशेजारी बसून विद्युत्घटाचे कोडे सोडवावे लागले, हा योगायोग आम्हांस सुखावून गेला.

अन्यत्र आढळणाऱ्या तक्रारींविषयी थोडे. चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबत असेल, तर बहुधा बॅटरीचे आयुष्य राखणारी मर्यादा चालू असते. ती यंत्राच्या बायॉसमध्ये किंवा कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदलेली असते, म्हणून बॅटरी बदलली तरी टिकून राहते. हा दोष नव्हे. ठेवली तरी हितकारकच. चार्जर कमी क्षमतेचा असल्यास, उदाहरणार्थ ६५ वॅटच्या यंत्राला ४५ वॅटचा, चार्जिंग रेंगाळते किंवा काम चालू असताना होतच नाही. काही चार्जरच्या टोकाशी ओळख पटविणारी बारीक मधली पिन असते. ती वाकली वा तुटली की यंत्र चालते, परंतु बॅटरी भरत नाही. तेव्हा बॅटरी परत करण्यापूर्वी त्याच क्षमतेचा दुसरा चार्जर लावून पाहावा. बॅटरी मुळीच ओळखली जात नसेल, तर यंत्र बंद करून चार्जर काढावा, जाणकाराकडून बॅटरीची जोडणी सोडवून घ्यावी, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरावे आणि पुन्हा जोडणी करून चार्जरवर यंत्र सुरू करावे. नियंत्रक चिपमधील जुनी माहिती अशाने पुसली जाते.

बॅटरीच अस्सल आहे काय, हे विंडोज प्रणालीतील ‘बॅटरी रिपोर्ट’ या अहवालावरून पुष्कळसे कळते. त्यात मूळ क्षमता, सध्याची पूर्ण क्षमता व बहुधा चार्ज-चक्रांची संख्याही येते. ‘नव्या’ बॅटरीची चक्रे शेकड्यांत असतील, तर आतील सेल जुने असल्याचा संशय घ्यावा. स्वस्त चिप खोटेही बोलते, म्हणून वेष्टणावरील माहितीही वाचावी. १०.८ व ११.१ व्होल्ट हे एकाच तीन-सेली रचनेचे दोन निर्देश आहेत, १४.८ व्होल्टची चार-सेली बॅटरी मात्र त्याजागी चालत नाही. ४४०० मिलिअँपिअर-तास व १०.८ व्होल्ट म्हणजे सुमारे ४७.५ वॅट-तास, वेष्टणावरील आकड्यांचा हा गुणाकार जुळला पाहिजे. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १६०४६ या मानकाखालील नोंदणी-चिन्ह व क्रमांक असल्याविना बॅटरी घेऊच नये.

हीच गोष्ट शेतातही घडू लागली आहे, आणि तेथे धोका मोठा आहे. बॅटरीवर चालणाऱ्या पाठीवरच्या फवारणी पंपात मूळची १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असते. ती निकामी झाल्यावर हलकी म्हणून लिथियम बॅटरी बसविली जाते, चार्जर मात्र जुनाच राहतो. लेड-ॲसिडचा चार्जर १४.४ व्होल्ट वा त्याहून किंचित अधिक दाब देतो. तीन लिथियम-आयन सेलच्या संचास १२.६ व्होल्ट पुरेसे असतात. त्यापुढे केवळ संरक्षक मंडलाच्या भरवशावर राहावे लागते, आणि स्वस्त संचात ते मंडल कितपत नेटके असेल याची शाश्वती नाही. लिथियम-फॉस्फेटच्या चार सेलच्या संचास कमाल १४.६ व्होल्ट लागतात, तरीही त्याचा स्वतंत्र चार्जरच वापरावा. बॅटरीसोबत चार्जर देत नसेल अशा दुकानातून लिथियम संच घेऊ नये.

लॅपटॉपचा टचपॅड वर उचललेला दिसला किंवा तळ फुगला, तर चार्जिंग तत्काळ थांबवावे. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, पुन्हा वापरून पाहू नये. जुन्या बॅटऱ्या कचऱ्यात अथवा बांधावर टाकू नयेत. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये त्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी बॅटरी घेतानाच जुनी कोठे द्यावयाची ते विक्रेत्यास विचारावे, आणि तोवर ती टोकांना चिकटपट्टी लावून, कीटकनाशके व इंधनापासून दूर, कोरड्या जागी ठेवावी.