गदा खांद्यावरून उतरल्यावर

एका घरात तीन महाराष्ट्र केसरी असलेले गाव कोणते, हे सोलापुरात कुणालाही विचारा. उत्तर येते, बोरामणी. इस्माईल शेख १९८०, अप्पालाल शेख १९९२, मुन्नालाल शेख २००२. एका उंबऱ्याच्या आत तीन गदा. पुढे करमाळा तालुक्यातल्या खडकीच्या बाला रफीक शेखने २०१८ मध्ये जालन्यात अभिजित कटकेला हरवले. त्या वर्षी तो बुलढाण्याकडून खेळला होता, पण आपल्याकडच्या शौकिनांनी गदा मनोमन करमाळ्यातच आणली. २०२३ मध्ये मोहोळचा सिकंदर शेख आणि २०२५ मध्ये कर्जतच्या मैदानात सोलापूरचा वेताळ शेळके केसरी झाला. मंगळवेढ्याकडच्या शिरसीचा महेंद्र गायकवाड दोनदा अंतिम फेरीपर्यंत जाऊन आला.

ज्या जिल्ह्यात इतके पैलवान होतात, तिथे पैलवान थांबल्यावर काय करतो याकडेही लोकांचे बारीक लक्ष असते. कुणी शेतीत रमतो, कुणी हॉटेल टाकतो, कुणी तालीम चालवतो, कुणी पोलिसात जातो. त्यावर कुणाचे काही म्हणणे नसते. चर्चा रंगते ती कालपर्यंत आखाड्यात शड्डू ठोकणारा माणूस मैदान भरवू लागला, संघटनेच्या खुर्चीवर बसला किंवा इनामाच्या फलकावर त्याचा फोटो आला, म्हणजे. गेली काही वर्षे यात्रांच्या मैदानांत, अकलूज-पंढरपूरच्या एस.टी.त आणि सोलापुरातल्या चहाच्या टपऱ्यांवर ऐकलेल्या मतांचा हा आढावा आहे.

मुष्टियुद्धाच्या जगात ही वाट केव्हाच मळलेली आहे. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवलेल्या ऑस्कर डी ला होयाने खेळत असतानाच स्वतःची लढती भरवणारी कंपनी काढली. पुढे कनेलो अल्वारेझ हा मेक्सिकन मुष्टियोद्धा त्याच्याच कंपनीचा सर्वांत मोठा तारा झाला. २०१८ मध्ये त्याच्यासाठी ११ लढतींचा, ३६ कोटी ५० लाख डॉलरचा करार झाला. दोनच वर्षांत कनेलोने डी ला होयाला कोर्टात खेचले आणि तो कंपनीतून बाहेर पडला. चाहत्यांचे दोन तट पडले. एकाचे म्हणणे, स्वतः ठोसे खाल्लेला माणूस तरी खेळाडूला न्याय देईल अशी आशा होती. दुसऱ्याचे म्हणणे, धंद्याला बसला की सगळे सारखेच. आपल्याकडे रक्कम डॉलरमध्ये नसते, वाद मात्र हाच असतो.

महाराष्ट्रात याची सुरुवात मात्र फार देखणी झाली होती. खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण टाकले. कांस्यपदक घेऊन खाशाबा परतले, बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग त्यांनी काय केले, तर कुस्त्यांचे मैदान भरवले, आलेल्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडवले. ऑलिम्पिक पदकविजेता आयोजक झाला तो कर्ज फेडायला. जुने शौकीन आजही प्रत्येक पैलवान-आयोजकाला याच मापाने मोजतात, आणि बहुतेक जण त्यात कमी पडतात. हे माप जरा अन्यायाचे आहे, असे मला वाटते. खाशाबांना संसार चालवायला पुढे पोलिसात नोकरी होती, आणि तीही पदकानंतर तीन वर्षांनी मिळाली. मैदान भरवून पोट भरणे हा गुन्हा कधीपासून झाला?

शौकीन आयोजकाला कशावरून जोखतो हे समजायला एखाद्या यात्रेचे मैदान सकाळपासून पाहावे लागते. दहा-अकराला आखाड्याची पूजा होते, माती उकरून भुसभुशीत केलेली असते, हलगी कडाडते. आधी पोरांच्या कुस्त्या. नारळावर, शे-दोनशे रुपयांवर. लंगोट लावलेली पोरे एक हात वर करून आखाड्याभोवती फेरी मारतात, म्हणजे ज्याला कुस्ती हवी त्याने पुढे यावे. पंच दोघांना शेजारी उभे करतात, खांदा, मांडी, उंची नजरेने तोलतात, आणि जोड लागते. ही जोड लावणे हाच आयोजकाचा खरा डाव. वजन जुळले तरी एक पोर दोन वर्षे तालमीत असते आणि दुसरे दोन महिने. अशी जोड लागली की कडेला बसलेला म्हातारा ओरडतो, “ए, कापायला आणलंय व्हय त्याला?” दुपारी ठरवलेल्या, पत्रकावर छापलेल्या कुस्त्या सुरू होतात आणि दिवस कलताना एक नंबरची. तिची बिदागी आधीच ठरलेली असते. दोन्ही पैलवान दहा मिनिटे खडाखडी करत राहिले, कुणी पट काढला नाही, घिस्सा मारला नाही, तर लोक ओळखतात. मग “निकाली करा” अशी आरोळी उठते. पंच वेळ वाढवतात. तरीही निकाल लागला नाही तर बरोबरीत सोडवतात, आणि परतीच्या वाटेवर एकच शब्द ऐकू येतो, नूरा, म्हणजे दोघांनी संगनमताने खेळलेली कुस्ती.

नूरा कुस्ती झाली तर लोक पैलवानाला शिव्या देत नाहीत, आयोजकाला देतात. आयोजक स्वतः पैलवान असेल तर दुप्पट देतात. राजकारण्याला डाव कळत नाही, त्याने फसवले तर समजू शकते, पण याला तर सगळे कळते. माझ्या ऐकण्यातले हे सर्वांत ठाम मत. त्याच्या खालोखाल दुसरे, बिदागी हातावर पडली का. फलकावर लाखाचा आकडा आणि प्रत्यक्षात निम्मी रक्कम, उरलेली “पुढच्या आठवड्यात”, हा प्रकार अनेक मैदानांत चालतो. पैलवान राहिलेल्या आयोजकाकडून लोकांची अपेक्षा असते की तो हे करणार नाही, कारण त्याने स्वतः असा आठवडा वाट पाहत काढलेला असतो.

सांगली जिल्ह्यातले चंद्रहार पाटील हे या चर्चेतले सर्वांत गाजलेले नाव. भाळवणीचे, पंढरपूरजवळच्या नव्हे, विट्याकडच्या. २००७ मध्ये औंधला आणि २००८ मध्ये सांगलीत, अशा लागोपाठ दोन गदा. तिसरी मिळाली असती तर डीवायएसपीच्या नोकरीची वाट मोकळी झाली असती, जशी पुढे तीन-तीन गदा घेणाऱ्या नरसिंग यादव आणि विजय चौधरी यांची झाली. २००९ ला आपल्यावर अन्याय झाला, हे ते आजही सांगतात. कुस्तीतून बाहेर पडल्यावर त्यांनी बैलगाडा शर्यती भरवल्या आणि भाळवणीच्या शर्यतीत पहिल्या नंबराला थार गाडी ठेवली. शर्यतीला लोटलेली गर्दी पाहून कुस्तीवाले हेलावले आणि चिडलेही. माळशिरसकडच्या एका जुन्या पैलवानाचा सवाल नेमका होता. गर्दी जमवता येते तर ती आखाड्याभोवती का नाही जमवली? त्याला तिथल्याच एका तरुणाने दिलेले उत्तरही तितकेच रोखठोक. कुस्तीचे मैदान भरवले की दोन संघटना, तीन तालमी आणि चार नेते रुसतात, बैलाला असले काही नसते.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत चंद्रहार शिवसेनेच्या उद्धव ठाकरे गटाकडून सांगलीत उभे राहिले आणि साठ हजारांच्या आसपास मते घेऊन हरले. पुढच्या वर्षी ते एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेत गेले. त्याआधी फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत पंचाच्या निर्णयावरून मल्ल शिवराज राक्षेने पंचालाच लाथ मारली. राक्षे आणि महेंद्र गायकवाड या दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली, तेव्हा चंद्रहारांनी राक्षेची बाजू घेऊन आपल्या दोन्ही गदा परत करण्याची घोषणा केली. त्या वेळी पंचांविषयी त्यांनी जी भाषा वापरली ती मला पटली नाही. पण सोलापुरात, विशेषतः मंगळवेढ्याकडे, ते एका रात्रीत आपले झाले. निवडणुकीत न मिळालेली माया पंचांवरच्या रागातून मिळाली, हा शौकिनांचा हिशेब राजकारण्यांना कधी कळणार नाही.

अर्जुन पुरस्कारप्राप्त काका पवारांची वाट वेगळी. लातूरकडचा हा मल्ल पुण्यात कात्रजजवळ कुस्ती संकुल उभारून बसला आणि तिथून त्याने एकामागून एक मल्ल घडवले. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीला हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके हे दोघेही त्यांचेच पठ्ठे महाराष्ट्र केसरीच्या अंतिम फेरीत भिडले. सदगीर ३-२ ने जिंकला आणि हरलेल्या शेळकेलाच खांद्यावर घेऊन नाचला. अर्ध्या लोकांच्या डोळ्यांत पाणी आले. उरलेले अर्धे म्हणाले, गदा घरातल्या घरात. वस्तादाने चांगले काम केले हीच इथे अडचण ठरते.

संघटनेत गेलेल्या मल्लांविषयी मात्र कुणी बरे बोलत नाही. देवळीचे विदर्भ केसरी रामदास तडस खासदार झाले आणि राज्य कुस्तीगीर संघाचे अध्यक्षही झाले. दुसरीकडे जुनी कुस्तीगीर परिषद होतीच. परिणाम असा की नोव्हेंबर २०२३ मध्ये महिन्याभरात दोन महाराष्ट्र केसरी झाले. फुलगावला सिकंदरने राक्षेला झोळी डावावर उचलून टाकले आणि काही दिवसांनी धाराशिवला राक्षेने सदगीरला हरवून गदा घेतली. २०२५ मध्ये पुन्हा तेच, अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ आणि कर्जतला आपला वेताळ. खरा केसरी कोणता, हे विचारणाऱ्या पोराला उत्तर देताना भल्याभल्या वस्तादांची गाडी अडखळते.

आणि आपण? जानेवारी २०२३ मध्ये कोथरूडच्या महाराष्ट्र केसरीत माती गटात सिकंदर आणि महेंद्र भिडले. बाहेरच्या टांगेला चार गुण द्यायचे की नाही यावर निकाल फिरला. स्पर्धा भरवली होती मुरलीधर मोहोळांनी, जे स्वतः कोल्हापुरात तालमीत राहिलेले. महेंद्र जिंकला आणि जिल्ह्याचे मोहोळ व मंगळवेढा असे दोन भाग झाले. पंचांना फोनवर धमक्या गेल्या. आयोजक पैलवान असूनही वाद का झाला असे जो तो विचारत होता, फोन कुणी केले हे कुणी विचारले नाही.

शौकिनांची आणखी एक खोड आहे. एक नंबरची कुस्ती सुरू व्हायच्या वेळी मैदान भरते आणि पोरांच्या कुस्त्यांना कडेला कुत्रे नसते. मग आयोजकानेही इनामाचा पैसा वरच्या दोन जोड्यांत ओतला तर त्याला दोष कसा द्यायचा? सोलापूर शहरात थोरला मंगळवेढा तालीम, पाणीवेस तालीम, पत्रा तालीम ही नावे अजून दिमाखाने मिरवतात. पण शहराला त्यांची आठवण येते ती गणपतीत, लेझीम पाहताना.

यंदा गावच्या यात्रेत मैदान असेल, आणि ते एखाद्या जुन्या केसरीने भरवले असेल, तर संध्याकाळी पाचला जाऊ नका. अकराला जा. पोरांच्या जोड्या नीट लागतात का पाहा, हरलेल्या पोराच्या हातावर काही ठेवले जाते का पाहा, आणि जिंकलेले पोर टॉवेल पसरून तुमच्यापर्यंत आले तर खिशात हात घाला.