सिलिंडरमधला गॅस जातो कुठे?

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. महिना-दीड महिन्यात ‘गॅस संपला’ म्हणून आपण नंबर लावतो. खरं तर त्यातला एक ग्रॅमही संपलेला नसतो. त्याने हवेतला सुमारे ५१ किलो ऑक्सिजन ओढून घेतलेला असतो आणि दोहोंचं मिळून साधारण ४३ किलो कार्बन डायऑक्साइड आणि २२ किलो पाणी झालेलं असतं. गार पाण्याचं पातेलं पेटत्या शेगडीवर ठेवलं, की त्याच्या बाहेरच्या अंगाला क्षणभर दव धरतं. ते पाणी ज्योतीत तयार झालेलं असतं.

हे आकडे काढायला वजनकाटा लागत नाही. शाळेत गुणांपुरतं घोकलेलं ‘समीकरण संतुलित करा’ एवढं पुरतं. जळताना वस्तुमान नाहीसं होत नाही, हे बंद भांड्यात पदार्थ जाळून आणि काटेकोर वजनं करून लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवलं. १७८९ साली आलेल्या त्याच्या ग्रंथाने ते पक्कं केलं. आपलं समीकरण याच पायावर उभं आहे: डावीकडे जितके अणू, तितकेच उजवीकडे.

स्वयंपाकाचा गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. आपण ब्युटेन घेऊ. त्याच्या एका रेणूत कार्बनचे ४ आणि हायड्रोजनचे १० अणू असतात. आधी कार्बन जुळवायचा: ४ अणूंचे कार्बन डायऑक्साइडचे ४ रेणू. मग हायड्रोजन: १० अणूंचे पाण्याचे ५ रेणू. ऑक्सिजन मुद्दाम शेवटी ठेवायचा, कारण तो एकटा मूलद्रव्य म्हणून येतो. त्याचा आकडा बदलला तरी आधी जुळवलेलं बिघडत नाही. उजवीकडे त्याचे ८ आणि ५ मिळून १३ अणू झाले. ऑक्सिजनच्या रेणूत अणू दोन, म्हणजे साडेसहा रेणू लागतील. अर्धा रेणू नको म्हणून सगळं दुप्पट करायचं:

२ ब्युटेन + १३ ऑक्सिजन → ८ कार्बन डायऑक्साइड + १० पाणी

प्रोपेनचं याहून सोपं. एका रेणूला ऑक्सिजनचे ५ रेणू लागतात. त्यातून कार्बन डायऑक्साइडचे ३ आणि पाण्याचे ४ रेणू होतात.

जुळेना झालं की मुलं सूत्राच्या पायाशी असलेला छोटा आकडाच बदलून टाकतात. वर्गात ही चूक किरकोळ समजली जाते. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. कार्बन डायऑक्साइडमधला तो २ पुसला, की उरतो कार्बन मोनॉक्साइड. पदार्थच बदलतो, आणि तो विषारी आहे. बंद खोलीत हवा कमी पडली, की ज्योतीतही हेच होऊ लागतं. त्याचं समीकरणही तितकंच बिनचूक जुळतं:

२ ब्युटेन + ९ ऑक्सिजन → ८ कार्बन मोनॉक्साइड + १० पाणी

१३ आणि ९. मधल्या चार रेणूंच्या तुटीत माणसं दगावतात. प्रत्यक्षात दोन्ही अभिक्रिया थोड्याफार एकत्र चालतात आणि काजळीही धरते. ज्योत निळी सोडून पिवळी झाली, पातेल्यांची बुडं काळी पडू लागली, की ओळखावं. पण मोनॉक्साइड स्वतः दिसत नाही, त्याला वासही नसतो. गळती कळावी म्हणून गॅसमध्ये मिसळलेला उग्र वासाचा पदार्थ ज्योतीत जळून जातो, त्यामुळे तोही इथे सावध करत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मग शुद्ध हरपते. बाथरूममध्ये बसवलेल्या गॅस गिझरमुळे होणारे मृत्यू बहुतेक याच वाटेने होतात.

हवेत ऑक्सिजन वजनाने जेमतेम २३ टक्के. म्हणजे एका सिलिंडरला सव्वादोनशे किलोंच्या आसपास हवा लागते. दारं-खिडक्या लावून घेतलेल्या चिंचोळ्या बाथरूममध्ये ती येणार कुठून?

विज्ञानाच्या शिक्षकांना माझी विनंती आहे: ही दोन समीकरणं फळ्यावर एकाखाली एक लिहा आणि १३ व ९ यांतला फरक मुलांना घरी जाऊन सांगायला लावा. आणि ज्यांच्या बाथरूममध्ये गॅस गिझर आहे, त्यांनी तो या दिवाळीत बाहेर मोकळ्या हवेत बसवून घ्यावा. तोवर बादली भरून घ्या, गिझर बंद करा आणि मगच आंघोळीला आत जा.